नव्वद, पंचेचाळीस, पंधरा

१

'रीम' लाँचचं इंजिन बंद पडलं आणि त्यानंतर पाचच मिनिटांत गणपत कोळथरकर समुद्रात गेला.

१९९६च्या जूनमधला सोमवार होता, सकाळची वेळ. शमाल सुटला होता. उत्तरेकडून येणाऱ्या त्या वाऱ्याबरोबर हवेत इतकी धूळ आली होती की लाँचच्या नाळेशी, पुढच्या टोकाला, उभा असलेला माणूससुद्धा मागून पुसट दिसत होता. मोठ्या जहाजांच्या वाटेत मधोमध लाँच आडवी झाली. नांगर टाकायला गणपत पुढे धावला, आणि त्याच वेळी धुळीतून एका मालवाहू जहाजाचं तोंड बाहेर आलं. जहाज धडकलं नाही, वीस-पंचवीस हातांवरून निघून गेलं. पण त्याच्या लाटेनं लाँच एका कुशीवर झोपली, आणि सरळ झाली तेव्हा पुढे कोणी नव्हतं. गणपतचा देह बुधवारी हिद्दच्या किनाऱ्याला लागला. तो मुरूडचा, पंचेचाळीस वर्षांचा, बारा वर्षं बहारीनच्या पाण्यात काढलेला खलाशी होता.

'रीम' बंदराबाहेर नांगरलेल्या जहाजांना माणसं आणि शिधा पोचवत असे. तिचं इंजिन नुकतंच पूर्ण उतरवून नव्यानं बांधलं होतं. बांधणारा होता हारून परकार, दापोलीकडचा मेकॅनिक.

पुढच्या शनिवारी सकाळी हारून जुफैरच्या एका ऑफिसात येऊन बसला तेव्हा मेधा घाडीला त्याला ओळखायला क्षणभर लागला. आठवड्यात त्याचे गाल बसले होते. मेधा कॅप्टन व्हीलर नावाच्या मरीन सर्व्हेयरकडे टायपिस्ट होती. बोटींना अपघात झाला की विमा कंपनी कॅप्टनला कारण शोधायला सांगे, आणि सहा वर्षांत अशा शेकडो रिपोर्टांचा शब्द न् शब्द मेधाच्या बोटांखालून गेला होता. 'रीम'चं काम त्यांच्याकडेच आलं होतं. पण कॅप्टनच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, बोटीवर चढणं शक्य नव्हतं. त्यानं मेधालाच सांगितलं होतं, प्रश्न विचार, उत्तरं लिहून आण, बाकी मी बघतो.

मेधानं तेव्हाच त्याच्या कानावर घातलं होतं की त्या लाँचच्या रंगाचं आणि फायबरचं काम तिच्या नवऱ्यानं, संतोषनं केलंय. कॅप्टन हसला होता. रंगानं इंजिन बंद पडत नाही, असं म्हणाला होता.

हारूननं सांगितलं की मालकानं, बू राशिदनं, अपघाताच्याच दिवशी त्याचा बोटी दुरुस्तीच्या यार्डाचा गेटपास काढून घेतला. पासपोर्ट तर मालकाकडेच होता. पोलिसांनी दोनदा बोलावून नेलं. आता तिसऱ्यांदा बोलावतील तेव्हा परत सोडणार नाहीत, असं सगळे म्हणतात. बोलताना तो एकसारखा दाराकडे पाहत होता.

"वहिनी, जेलची भीती आहेच," तो शेवटी म्हणाला. "पण माझ्या हातनं माणूस मेला का, एवढं मला कळू दे. रात्रंदिवस मी ते इंजिन डोक्यात उघडतोय. चूक सापडत नाही."

तेवढ्यात फोन वाजला. मेधानं उचलला. पलीकडे कोणी बोलेना. श्वास ऐकू येत होता, आणि त्यामागे दूर कुठेतरी ग्राइंडरची घरघर. तिनं दोनदा हॅलो म्हटलं. फोन बंद झाला.

गेल्या तीन दिवसांतला हा चौथा मुका फोन होता.

२

लाँच चालवणारा नाखुदा ईसा हा हिद्दचाच, साठीतला माणूस. तरुणपणी मुंबई बंदरात बरीच वर्षं काढल्यामुळे त्याला हिंदी चांगलं येत होतं. यार्डाच्या भिंतीला टेकून, 'रीम'कडे पाठ करून तो बसला होता. मेधाशी बोलताना एकदाही त्यानं मागं वळून बोटीकडे पाहिलं नाही.

इंजिन तीनदा बंद पडलं होतं. मेधानं वेळा विचारल्या, कारण कॅप्टनच्या प्रत्येक रिपोर्टात वेळा असत. ईसाला त्या पाठ होत्या. शनिवारी यार्डातून निघाल्यावर सुमारे दीड तासानं. रविवारी पाऊण तासानं. आणि सोमवारी अवघ्या पंधरा मिनिटांत. मेधानं वहीत आकडे मांडले: नव्वद, पंचेचाळीस, पंधरा.

ईसाचा तर्क सरळ होता. इंजिन आतून आवळत चाललं होतं. मेकॅनिकनं काहीतरी घट्ट बसवलं, ते रोज आणखी लवकर धरायला लागलं. बू राशिदचंही तेच मत होतं, आणि पोलिसांनाही त्यांनी तेच सांगितलं होतं.

मग पहिल्या दोन वेळा ते पुन्हा सुरू कसं झालं, असं मेधानं विचारलं. ईसा म्हणाला, थोडा वेळ थंड होऊ दिलं. त्यानं स्वतः फिल्टर पाहिला, हारूननं शिकवल्याप्रमाणे पंपाची हवा काढली, गणपतनं डेकवरचं झाकण उघडून काठी घालून टाकीत डिझेल आहे ना ते बघितलं, आणि मग किल्ली फिरवली की पहिल्याच झटक्याला इंजिन चालू. दोन्ही दिवशी तसंच. सोमवारी मात्र काही बघायला वेळच नव्हता. तो किल्ली फिरवत राहिला, फिरवत राहिला, बॅटरी मेली. दुसऱ्या लाँचनं ओढून आणलं.

मेधानं ते सगळं उतरवून घेतलं. उठता उठता तिनं विचारलं की आता इंजिनाची काय अवस्था आहे.

ईसानं सांगितलं की बुधवारी बू राशिदनं बॅटरी चार्ज करून, टाकी काठोकाठ भरून लाँच बाहेर काढायला लावली होती. कोणी इंजिनाला हात लावला नव्हता. धक्क्याजवळच गोल गोल फिरवत ठेवली. सहा तास. इंजिन एकदाही अडखळलं नाही.

"त्या बोटीला एक माणूस हवा होता," तो हलक्या आवाजात म्हणाला. "मिळाला. खलास. आता ती चालते."

मेधानं तेही वहीत लिहून घेतलं.

३

भूतबाधा रिपोर्टात लिहिता येत नाही. म्हणून मेधा सुट्या भागांकडे वळली.

ते शहजादच्या दुकानातून आले होते. शहजाद श्रीवर्धनचा. मुहर्रकला त्याचं स्पेअर पार्टचं छोटं दुकान होतं. मेधानं यादी पुढे ठेवली तेव्हा तो पाणी प्यायला, मग पुन्हा पाणी प्यायला. लायनर, पिस्टन, बेअरिंग, सगळं कंपनीचं, असं त्यानं शपथेवर सांगितलं. डिझेल फिल्टरबद्दल विचारल्यावर मात्र तो दुसरंच काही बोलायला लागला. मेधानं तोच प्रश्न तीनदा विचारला. तिसऱ्या वेळी त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. फिल्टर दुसऱ्याच कोणीतरी बनवलेला होता, खोका तेवढा कंपनीचा. आठवडाभर तो झोपला नव्हता. आपल्या त्या फिल्टरनं गणपतला मारलं, अशी त्याची खात्री झाली होती.

मेधालाही क्षणभर वाटलं की सापडलं. त्याच संध्याकाळी हारून घरी आला तेव्हा तिनं त्याला हे सांगितलं. हारूननं मान हलवली. रविवारी लाँच दुसऱ्यांदा बंद पडून आल्यावर त्यानं तो फिल्टर काढून पत्रा कापून बघितला होता. आत स्वच्छ होता. नकली असला तरी त्यातून डिझेल धो धो जात होतं. शिवाय त्यानं लगेच दुसरा बसवला, आणि तरी सोमवारी इंजिन बंद पडलंच.

संतोष तिथेच बसला होता. हारून आणि तो जुने मित्र, एकाच यार्डात कामाला. पण त्या संध्याकाळी संतोष फारसा बोलला नाही. त्यानं हारूनला चहा दिला, स्वतःचा कप तसाच ठेवला आणि मध्येच उठून गॅलरीत गेला. गेला आठवडाभर त्याचं असंच चाललं होतं. जेवण जात नव्हतं. जिन्यावर पाय वाजले की तो थबके. दोन महिन्यांवरची रजा आत्ताच घेऊन देवगडला जाऊ या, असं दोनदा म्हणाला होता. गणपत त्याच्याही ओळखीचा होता, म्हणून मेधानं त्यावर फार विचार केला नव्हता.

तिनं हारूनला विचारलं की इंजिन बांधल्यावर त्यानं किती वेळ चालवून बघितलं.

"वर्कशॉपमध्ये घोडीवर ठेवून चार तास. एकदम सुईसारखं." हारूनचा चेहरा आठवड्यात पहिल्यांदा थोडा उजळला. "बोटीत बसवल्यावर धक्क्यालाच वीसेक मिनिटं."

"वर्कशॉपमध्ये डिझेल कुठून दिलंत?"

"ड्रममधनं. बोटीचं रंगकाम चालू होतं ना."

गॅलरीत काहीतरी पडून फुटल्याचा आवाज आला. संतोषच्या हातून तुळशीची कुंडी निसटली होती.

४

दुसऱ्या दिवशी मेधानं कॅप्टनला फोन लावला आणि सगळी टिपणं वाचून दाखवली. ईसाचं बोलणं वाचताना एका ओळीवर ती स्वतःच थांबली. तिनं ती ओळ पुन्हा वाचली. गणपतनं झाकण उघडून काठी घातली, आणि मग इंजिन चालू झालं. शनिवारीही. रविवारीही. सोमवारी गणपत नव्हता, झाकण उघडलं गेलं नाही, आणि इंजिन चालू झालं नाही.

तिनं कॅप्टनला विचारलं की टाकी किती लिटरची असेल आणि त्या तीन दिवशी त्यात किती डिझेल होतं. कॅप्टननं फोन ठेवायला सांगितलं, मालकाच्या ऑफिसातून माहिती काढली आणि अर्ध्या तासानं स्वतःच फोन केला. टाकी सहाशे लिटरची. शनिवारी अर्धी. रविवारी पाऊण. सोमवारी दूर जायचं होतं म्हणून गळ्यापर्यंत.

कॅप्टन मग सावकाश, तिला कळेल अशा बेतानं बोलला. टाकीतून जेवढं डिझेल बाहेर जातं तेवढी हवा आत यावी लागते. त्यासाठी डेकवर एक वाकवलेली नळी असते, तोंड खाली केलेली, म्हणजे पावसाचं किंवा लाटेचं पाणी आत जाऊ नये. ती नळी बुजली तर आतली हवा ताणत जाते, आणि एका वेळेला पंपाला डिझेल ओढताच येत नाही. टाकी अर्धी असली तर वर हवा भरपूर असते, ती ताणायला वेळ लागतो. टाकी भरलेली असली तर वर थोडीच हवा असते, ती लगेच ताणते.

मेधानं वहीत पाहिलं. अर्धी टाकी, नव्वद मिनिटं. पाऊण टाकी, पंचेचाळीस. गळ्यापर्यंत, पंधरा. इंजिन दिवसेंदिवस बिघडत नव्हतं. टाकी दिवसेंदिवस जास्त भरली जात होती, एवढंच. आणि वर्कशॉपमध्ये चार तास ते सुईसारखं चाललं, कारण तिथे उघडा ड्रम होता.

"म्हणजे हारूनची चूक नाही," ती म्हणाली.

नाही, असं कॅप्टन म्हणाला. पण हा अजून तर्क आहे. लाँच घेऊन बाहेर जा, नळी बुजव, आणि मला मिनिटं सांग. हारूनला त्या दिवसापुरतं यार्डात सोडायला मी मालकाला सांगतो.

फोन ठेवण्याआधी त्यानं आणखी एक गोष्ट सांगितली.

सोमवारी ती नळी बंद होती. बुधवारी सहा तास ती उघडी होती. मधल्या दोन दिवसांत कोणीतरी बोटीवर जाऊन ती उघडली. आणि जो उघडायला गेला, त्याला ती बुजलेली आहे हे आधीच माहीत होतं.

५

मंगळवारी सकाळी ते तिघं निघाले: ईसा, हारून आणि मेधा. मेधाला पोहता येत नव्हतं. देवगडच्या खाडीकाठी लहानाची मोठी होऊनही ती कधी कमरेपेक्षा खोल पाण्यात उतरली नव्हती. वारा पडला होता, पण धूळ तशीच लोंबत होती, आणि यार्डातून बाहेर पडल्यावर पाच मिनिटांत किनारा दिसेनासा झाला. जहाजांच्या वाटेपासून दूर राहायचं, असं ईसानं आधीच ठरवलं होतं. त्याचे ओठ सारखे हलत होते. तो दुआ म्हणत होता.

टाकी काठोकाठ भरलेली होती. हवेची नळी डेकच्या कठड्याला लागून होती, वीतभर उंचीची. नव्या पांढऱ्या रंगात ती सहज नजरेत भरत नव्हती. तिचं तोंड खालच्या बाजूला असल्यामुळे आत काय आहे ते उभ्या माणसाला दिसणं शक्यच नव्हतं. हारून गुडघे टेकून बसला आणि बोळा कोंबण्याआधी सवयीनं आत बोट फिरवलं. बोट बाहेर आलं तेव्हा नखाएवढा कापडाचा तुकडा त्याला चिकटला होता. एका कडेला फायबरच्या कामातलं रेझिन वाळून तो कडक झाला होता.

"हे बघा, वहिनी," तो म्हणाला. "कोणाचातरी बोळा होता. काढताना एवढा तुटून राहिला."

मेधानं तुकडा तळहातावर घेतला. मोरपंखी रंग आणि त्यावर दोन बारीक पिवळे ठिपके.

तिनं तो वहीत ठेवला, वही मिटली आणि हारूनला म्हणाली की बुजवा नळी.

हारूननं बोळा कोंबला. इंजिन एका लयीत चालत होतं. मेधा घड्याळाकडे पाहत होती. पाच मिनिटं. दहा. बारा. वही मांडीवर होती आणि ती दोन्ही हातांनी दाबून धरली होती. चौदाव्या मिनिटाला आवाज बदलला, इंजिन धाप लागल्यासारखं झालं. सोळाव्याला ते थांबलं.

आवाज गेला तेव्हा मेधाला पहिल्यांदा कळलं की गणपतनं शेवटी काय ऐकलं असेल. पाण्याचा लाकडाला, फायबरला घासण्याचा बारीक आवाज, आणि काही नाही. लाँच हळूहळू फिरून आडवी झाली. मग धुळीतून, कुठल्या बाजूनं ते कळेना, जहाजाचा भोंगा आला. लांब होता. ईसा ताडकन उभा राहिला. भोंगा पुन्हा झाला, या वेळी जवळून.

"झाकण," मेधा म्हणाली. "हारूनभाई, झाकण उघडा."

हारून झाकणावर वाकला, पण ते हलेना. आतल्या ओढीनं ते जागच्या जागी बसलं होतं. पान्हा दोनदा निसटून डेकवर पडला. मेधा सरकत गेली, त्याच्या हातांवर आपले हात ठेवले आणि दोघांनी मिळून पान्हा दाबला. झाकण सुटलं. आत जाणाऱ्या हवेचा मोठा सुस्कारा झाला, आणि तो पुरा दोन-तीन सेकंद चालला. हारूननं पळत जाऊन पंपाची हवा काढली. ईसानं किल्ली फिरवली. इंजिन लागलं.

जहाज त्यांच्या वाटेला आलंच नाही, दूरवरून निघून गेलं. हारून टाकीच्या झाकणाशी बसून रडत होता.

"मी नाही मारलं त्याला," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

मेधाला त्याच्याकडे बघवेना. तिनं किनाऱ्याच्या दिशेनं तोंड फिरवलं. तिथे अजून काही दिसत नव्हतं.

६

यार्डाच्या फाटकावर बाळाजी होता, साताऱ्याकडचा वॉचमन. मेधानं त्याला विचारलं की त्या सोमवारी लाँच ओढून आणल्यापासून बुधवारपर्यंत तिच्यावर कोण कोण चढलं. बाळाजीनं बोटं मोजली. बू राशिद. ईसा. बॅटरी न्यायला आलेला इलेक्ट्रिशियन. हारूनचा पास गेला होता, तो आत येऊच शकत नव्हता.

"आणि आपले घाडीसाहेब," तो सहज म्हणाला. "गेल्या मंगळवारी दुपारी, जेवणाच्या सुट्टीत. नाळेवर खरचटलंय ते बघतो म्हणाले. पाच मिनिटांत उतरले."

नाळेवर कुठे खरचटलंय का, असं मेधानं विचारलं. बाळाजीला काही दिसलं नव्हतं.

ती टॅक्सीनं मुहर्रकला घरी आली. संतोष दुपारी जेवायला येई. तिनं भात लावला, आमटी केली, ताट वाढलं. तो हात धुऊन बसला तेव्हा तिनं वही उघडून तो तुकडा ताटाशेजारी ठेवला. तिचाच जुना गाऊन होता तो. मार्चमध्ये फाटल्यावर तिनं स्वतः त्याचे तुकडे करून पुसायला म्हणून त्याला दिले होते.

संतोषनं तुकड्याकडे पाहिलं. मग ताट बाजूला सारलं.

"डेक घासत होतो," तो म्हणाला. "फायबर घासलं की काचेची धूळ उडते. नळीतनं टाकीत गेली असती, टाकीतनं इंजिनात. हारूननं एवढं नवं इंजिन बांधलेलं. म्हणून बोळा घातला. रंग झाला की काढणार होतो."

"आणि विसरलात."

"विसरलो."

एवढंच असतं तर त्याला इतकी भीती वाटली नसती, हे तिला कळत होतं. विसरण्याची चूक माणूस बायकोला सांगू शकतो.

"आठवलं कधी?" तिनं विचारलं.

संतोषचा आवाज इतका खाली गेला की तिला पुढे वाकावं लागलं. रविवारी संध्याकाळी हारून चहाच्या टपरीवर त्याच्यासमोर बसला होता. इंजिन दोनदा बंद पडलं, कारण सापडत नाही, म्हणत होता. फिल्टर कापला, पंप बघितला, सगळं बघितलं, आता सोमवारची खेप झाली की टाकीच उपसून काढतो, असं म्हणाला. टाकी हा शब्द ऐकला आणि संतोषला तिथल्या तिथे आठवलं.

"एक वाक्य बोलायचं होतं, मेधा. हारून, नळीत माझा बोळा राहिलाय. एवढंच. पण टपरीवर बू राशिदचा फोरमन बसला होता. गेल्या वर्षी रंगाचे ओघळ आले म्हणून त्या माणसानं एकाचा व्हिसा रद्द करायला लावला होता. म्हटलं, सकाळी लवकर जाऊन गुपचूप काढतो. कोणाला कळणार नाही. सकाळी सहाला गेलो. त्या दिवशी लाँच साडेपाचलाच सुटली होती."

खाली रस्त्यावर कोणीतरी गाडीचं दार आपटलं. संतोष दचकला आणि खिडकीकडे पाहत राहिला.

"ऑफिसात फोन तुम्हीच करत होता," मेधा म्हणाली.

त्यानं मान हलवली. यार्डातल्या फोनवरून. दर वेळी वाटायचं की आता सांगू. तिचा आवाज आला की जीभ उचलेना.

मेधाला त्याचा राग यायला हवा होता. तो नंतर आला, आणि बरेच दिवस राहिला. त्या वेळी मात्र तिला फक्त भीती वाटली. समोर बसलेल्या या माणसाबरोबर ती अकरा वर्षं एका ताटात जेवली होती, आणि तो एका मित्राला तुरुंगात जाताना बघत चहा देऊ शकला होता.

"मी उद्या रिपोर्ट टाइप करणार आहे," ती म्हणाली. "तुम्ही माझ्याबरोबर या. किंवा नका येऊ. पण मी तो टाइप करणार."

७

बुधवारी सकाळी तो आला. इस्त्रीचा शर्ट घातला होता. ऑफिसच्या खुर्चीत, दोन्ही हात गुडघ्यांत धरून बसला.

कॅप्टन व्हीलर त्या दिवशी कुबडी घेऊन पहिल्यांदाच ऑफिसात आला होता. त्यानं मेधाचा रिपोर्ट दोनदा वाचला. तीन वेळा, तीन आकडे, टाकीचा हिशेब, मंगळवारची चाचणी, कापडाचा तुकडा. शेवटच्या पानावर नाव होतं. ते वाचून त्यानं चष्मा काढला आणि मेधाकडे बघितलं. मग तो सावकाश म्हणाला की विमा कंपनीला कारण हवंय, नाव नको. नळीत बोळा सापडला, कोणी घातला ते समजलं नाही, असं लिहिलं तरी रिपोर्ट पुरा होतो. त्यानं पेन टेबलावर ठेवलं. तुझ्यावर सोडतो, असं म्हणाला.

संतोषला इंग्रजी जेमतेमच येत होतं. एखादा शब्द गाळून सांगितला असता तर त्याला कळलं नसतं, आणि ती स्वतःही नंतर स्वतःला काहीतरी समजावू शकली असती. तिनं सगळं जसंच्या तसं मराठीत सांगितलं.

संतोषनं शेवटच्या पानाकडे पाहिलं.

"नाव नाही लिहिलं तर बू राशिद काय म्हणेल?" त्यानं विचारलं.

"म्हणेल, बोळा मेकॅनिकनंच घातला."

"आणि हारून?"

संतोष उठला. टेबलापाशी गेला आणि कॅप्टनसमोर उभा राहून, जमेल तशा हिंदीत आणि इंग्रजीत, थांबत थांबत बोलला. बोळा मी घातला. रविवारी आठवला. सांगितलं नाही. गेल्या मंगळवारी जाऊन काढला. माझं नाव राहू द्या. मग मेधाकडे वळून म्हणाला की हे सगळं कागदावर लिही, रविवारचं पण, मी सही करतो. रविवारचं तिनं लिहिलं नव्हतं. तेवढी एक ओळ तिनं गाळली होती. ती आता टाइप करताना तिला दोनदा कागद बदलावा लागला.

दुपारी ते दोघं पोलिसांकडे गेले. संध्याकाळी मेधा एकटी परत आली.

हारूनला चौथ्या दिवशी गेटपास मिळाला, आणि पासपोर्ट हवा तेव्हा मिळेल असं बू राशिदनं तोंडानं सांगितलं. संतोषला कोर्टानं सात महिन्यांची शिक्षा दिली, आणि त्यानंतर देश सोडायचा. मेधाचा व्हिसा तिच्या स्वतःच्या नोकरीचा होता. ती थांबली. गणपतच्या बायकोला, रखमाला, मुरूडच्या पत्त्यावर तिनं पत्र लिहिलं. त्यात आपण कोणाची बायको ते पहिल्याच ओळीत लिहिलं. उत्तर आलं नाही.

महिन्याभरानं तिला भेटीची परवानगी मिळाली. मधे जाळी होती. संतोष वाळला होता, पण जेवण बरं असतं म्हणाला. झोप लागते का, ते तिनं विचारलं. लागते, म्हणाला. भेटीच्या दहा मिनिटांतली सहा गेली होती.

"हारून कामावर आहे?" त्यानं विचारलं.

"आहे. 'रीम' चालू आहे. रोज जाते."

संतोष जाळीजवळ आला.

"मी सुटलो की जायच्या आधी त्याला भेटेन म्हणतो. बोलेल का माझ्याशी?"

त्याला बरं वाटेल असं काही म्हणायला सोपं होतं.

"माहीत नाही," मेधा म्हणाली. "मी अजून त्याला विचारलेलं नाही. विचारेन."